ग्रेट स्लेव्ह लेकच्या काठावरून

यलोनाइफ, कॅनडा
२१ सप्टेंबर

प्रिय नंदू,

परवा फोनवर तू विचारलंस, “तळ्याला ताप आलाय का बघत फिरता, आणि तेही फुकट?” मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. तुझं समाधान झालं नाही, हे तुझ्या ‘बरं, बरं’वरूनच कळलं. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला पाण्याबद्दल थापा मारून चालत नाही. बाहेर वारा सुटलाय, बोट काढता येणार नाही, मेधा ड्युटीवर आहे. तेव्हा सरोवराच्या पाण्याचं तापमान आम्ही गावकऱ्यांबरोबर फुकटात का मोजतो, ते आज सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, याला तळं म्हणू नकोस. ग्रेट स्लेव्ह लेक साधारण २७ हजार चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आपले पावणेदोन नाशिक जिल्हे पाण्याखाली. पूर्वेकडच्या फाट्यात खोली ६१४ मीटर. उत्तर अमेरिकेत याहून खोल सरोवर नाही. तिथलं पाणी नितळ आणि हाडं गोठवणारं. दक्षिणेला स्लेव्ह नदी येऊन मिळते. सरोवरात येणारं बहुतेक पाणी तीच आणते, गढूळ आणि त्या मानानं कोमट. एकाच दिवशी, एकाच सरोवरात, दोन टोकांना दोन वेगळे ऋतू असतात म्हण ना. त्यामुळे ‘सरोवराचं तापमान किती’ हा प्रश्न इथे कोणी विचारला की जुने मच्छीमार नुसते हसतात.

तू म्हणशील, उपग्रह आहेत की. आहेत, आणि त्यांचं काम मोठं आहे. उपग्रह आणि प्रत्यक्ष मोजणी एकत्र करून जगभरातल्या २३५ सरोवरांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यात त्यांच्या पृष्ठभागाचं पाणी दर दशकाला सरासरी ०.३४ अंशानं तापतंय, असं त्यात निघालं. पण उपग्रहाला दिसते ती पाण्याची वरची कातडी. ढग आले की तीही नाही. मासा राहतो खाली, जाळं लागतं खाली, आणि खाली काय चाललंय ते खाली उतरल्याशिवाय कळत नाही.

खाली उतरतो तो लॉगर, म्हणजे तापमान आपोआप टिपून ठेवणारं यंत्र. काडेपेटीपेक्षा फार मोठा नाही. आत बॅटरी आणि चिप, दर तासाला एक नोंद, महिनोन्‌महिने. जड वजनाला दोर बांधायचा, दोरावर ठरावीक खोलीला एकेक लॉगर अडकवायचा, वर फ्लोट. फ्लोट पाण्यावर तरंगत ठेवायचा नाही, दोन-तीन मीटर खालीच ठेवायचा. वर ठेवला तर वसंतात हलणारा बर्फ वजनासकट सगळं ओढून नेतो. मग जीपीएसवर जागा टिपून घ्यायची आणि परत आल्यावर गळ टाकून दोर शोधायचा. टाकण्याआधी सगळे लॉगर बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतात का ते तपासायचं. हे आमच्या स्वयंपाकघरात होतं, आणि त्या दिवशी जेवण बाहेरून येतं. तंत्रज्ञान म्हणून एवढंच. तुमच्या धरणावर रोज पट्टीवरची पातळी वाचून वहीत लिहिणारा माणूस हेच करतो, फक्त त्याला पगार मिळतो.

पण तुला खरं सांगायचंय ते वेगळंच. लॉगर कुठे टाकायचे हे कोण ठरवतं, सगळी मेख तिथे आहे. मागे एका गावच्या सभागृहात बैठक झाली. विद्यापीठातून आलेल्या मुलीनं नकाशा आणला होता, त्यावर सारख्या अंतरावर सुरेख ठिपके. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं अगदी बिनचूक. एक वयस्कर डेने, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, मच्छीमार बराच वेळ नकाशा बघत बसले. मग एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, “इथे कोण जातं?” कोणीच नाही. मग त्यांनी आपल्या जागा दाखवल्या. शरद ऋतूत लेक ट्राउट हा मासा अंडी घालायला येतो तो खडकाळ उथळ भाग. नदीचं मुख. वसंतात बर्फ सर्वांत आधी दगा देतो ती जागा, जिथून माणसं स्किडूवरून, म्हणजे बर्फावरच्या मोटारगाडीवरून, जातात. त्या मुलीचं मला कौतुक वाटलं. तिनं वाद घातला नाही, ठिपके पुसले आणि विचारलं, “किती खोलीवर जाळं लावता?” तिथून पुढे बैठक त्यांची झाली.

लेक ट्राउटला साधारण १० अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की तो खाली सरकतो, आणि त्याच्या मागोमाग जाळंही खाली न्यावं लागतं. “हल्ली मासा खोल गेलाय” असं लोक म्हणत होतेच. आता दर तासाचा आकडा शेजारी ठेवून बोलता येतं. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं हे आपण शाळेत घोकलं आणि विसरलो. इथे त्याच्यावरच सगळं चालतं. शरदात वरचं पाणी गार होत होत त्या आकड्याला आलं की जड होऊन बुडतं, वारा त्याला घुसळतो, वरचा प्राणवायू खाली पोहोचतो. मग बर्फ धरतो, आणि गंमत अशी की हिवाळ्यात बर्फाला लागून असलेलं पाणी शून्याजवळ आणि खालचं त्याहून उबदार. उन्हाळा लांबला की ही घुसळण लांबणीवर पडते आणि बर्फही उशिरा धरतो. यलोनाइफहून खाडीपलीकडच्या डेने गावाला हिवाळ्यात बर्फावरून साडेसहा किलोमीटरचा सरळ रस्ता होतो, नाहीतर खाडीला वळसा घालून जावं लागतं. बर्फ कधी धरणार हा इथे गप्पांपुरता विषय नाही.

आणि हिवाळ्यात जाळं कसं लावतात ते तुला दाखवायला हवं. बर्फात एक भोक पाडतात, त्यातून एक लाकडी फळी खाली सोडतात. तिला जिगर म्हणतात. दोर ओढला की तिचा दांडा बर्फाच्या पोटाला रेटा देतो आणि फळी पुढे सरकते. वर एक जण कान देऊन आवाजाच्या मागे चालत जातो. जाळ्याइतकं अंतर झालं की तिथे दुसरं भोक, आणि दोराच्या मागे जाळं ओढून घ्यायचं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थंडी विसरलो होतो. आता काही जण त्याच दोराला लॉगर बांधतात, वेगळी खेप नको.

“हे सरकारचं काम नाही का?” हा तुझा दुसरा प्रश्न. पातळी सरकार मोजतं, चोख मोजतं. २०२४ मध्ये पातळी नोंदींतल्या नीचांकाला गेली आणि सरोवरातून निघणाऱ्या मॅकेंझी नदीवरून मालवाहू बार्ज जाईनात, तेव्हा ते आकडे सगळ्यांच्या तोंडी होते. पण इथल्या लोकांचा बाहेरच्यांनी मोजलेल्या पाण्यावर चटकन विश्वास बसत नाही, आणि त्याला कारण आहे. यलोनाइफच्या हद्दीतच जायंट माइन ही सोन्याची खाण १९४८ पासून २००४ पर्यंत चालली. सोन्याचं खनिज भाजताना विषारी आर्सेनिक धुराड्यातून बाहेर पडायचं आणि बर्फावर बसायचं. तो बर्फ वितळवून पाणी प्यायची इथली रीत. १९५१ मध्ये दोन वर्षांचा एक डेने मुलगा त्यानं दगावला. भरपाई म्हणून ७५० डॉलर दिले गेले. आजही २ लाख ३७ हजार टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड जमिनीखाली पडून आहे. ज्यांच्या घरात ही गोष्ट सांगितली जाते त्यांना “काळजी करू नका, आम्ही मोजलंय” असं सांगून बघ.

म्हणून इथे नोंदी कोणाच्या, हे आधी ठरतं. तापमानाचे आकडे खुले करायला बहुतेकांची हरकत नसते. नेमकी जागा मात्र कोणी नकाशावर टाकू देत नाही. मासा लागतो ती जागा सख्ख्या भावाला सांगत नाहीत, ती जगाला का सांगतील? शास्त्रज्ञ यावर कुरकुरतात. मला दोघांचंही पटतं, पण मत द्यायची वेळ आली तर मी गावाच्या बाजूनं हात वर करतो.

२०२३ चा ऑगस्ट तुला आठवत असेल, तू रोज फोन करत होतास. १६ तारखेला वणव्यामुळे सबंध शहर रिकामं करायचा हुकूम आला, २० हजार माणसं एकाच रस्त्यानं किंवा विमानानं बाहेर पडली. आम्ही ६ सप्टेंबरनंतर परतलो. लॉगर अर्थातच पाण्यात होते. त्या धुरानं ऊन अडवलं तेव्हा पाण्याचं काय झालं, हे माणसांना विचारून उपयोग नव्हता. माणसं शेजारच्या अल्बर्टा प्रांतात होती. त्या आठवड्यांचे आकडे काढायला बोटीत चढलेल्यांत नेहमी येणारे होतेच, पण कधी न येणारेही होते.

एका वर्षाचे आकडे म्हणजे काहीच नाही, हे तुला मी सांगायला नको. सैबेरियात बैकालवर एका घराण्याच्या तीन पिढ्यांनी, वडील, मुलगी आणि नात, १९४५ च्या सुमारापासून मोजणी चालू ठेवली, राजवट बदलली तरी. त्यातून साठ वर्षांत पृष्ठभागाचं पाणी १.२ अंश तापल्याचं सिद्ध झालं. आमच्याकडे तेवढा पल्ला नाही. पण शाळेतली दोन पोरं लॉगर उतरवून घ्यायला शिकली आहेत आणि माझ्यापेक्षा गाठी चांगल्या मारतात.

आता तुझ्याकडे काम. धरणावर पातळी, साठा, बाष्पीभवन यांच्या वह्या असतात. पाण्याचं तापमान कोणी लिहून ठेवतं का, आणि ठेवत असेल तर किती खोलीवरचं? जलाशयात मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींनाही विचार, मासा कोणत्या महिन्यात खाली जातो म्हणतात ते. खात्यातल्या साहेबांना विचारू नकोस, ते परिपत्रक पाठवतील.

आणि डिसेंबरात तुझा भाचा टोरांटोला येतोय ना, त्याच्याबरोबर गोडा मसाला पाठव, पाव किलो पुरे. मागच्या वेळचा इथल्या व्हाइटफिशच्या कालवणातही मेधानं घातला, आणि शेजारच्या डेने आजींनी भांडं परत देताना आणखी मागितला. वहिनींना नमस्कार. काकूंच्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळव.

तुझा,
अज्या