कचऱ्याच्या टोपलीतला सात: बाइंडर काकांना पत्र

काका, सादर नमस्कार.

हे कागदावर लिहून तुमच्या हातात दिलं असतं तर तुम्ही "बरं बरं" म्हणत गल्ल्याखाली सरकवलं असतं आणि परत खळीच्या पातेल्याकडे वळला असतात, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. नात दाखवेल मोबाइलवर. तुमचं नाव आणि बोळ मुद्दाम लिहीत नाही, तुम्हीच दम दिलाय की आधीच गावांचे नकाशे पडून आहेत, आणखी गर्दी नको.

पोस्टर घरी आणून चार दिवस झाले. रोज रात्री सगळे झोपले की हॉलचा लाइट लावतो आणि खालचा उजवा कोपरा बघत बसतो. बायको म्हणते, लोक अख्खं पोस्टर बघतात, तू फक्त कोपरा बघतोस. बरोबर आहे तिचं.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडं सांगतो, काका तुम्ही हे पाठच केलंय आता. पोस्टर 'क्रॉसफायर' या जुन्या अमेरिकन पिक्चरचं. १९४७, आरकेओ कंपनी, तीन मेन नट आणि तिघंही रॉबर्ट: रॉबर्ट यंग, रॉबर्ट मिचम, रॉबर्ट रायन. एका ज्यू माणसाचा केवळ द्वेषातून खून होतो त्याची गोष्ट, पाच ऑस्कर नॉमिनेशन्स होती, एकही मिळालं नाही. आमच्या पिढीला आठवत असेल, कार्टून नेटवर्क रात्री बंद व्हायचं आणि त्याच चॅनेलवर टीएनटी लागायचं, जुने काळे-पांढरे पिक्चर. आई-बाबांना वाटायचं पोरगं अजून टॉम अँड जेरी बघतंय आणि मी नववीत खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, सिगारेटचा धूर आणि धोकेबाज बायका बघत बसलेलो. याला फिल्म नुआर म्हणतात हे फार नंतर कळलं. ते पिक्चर बनत होते तेव्हा बनवणारेही तसं म्हणत नव्हते, १९४६ मध्ये फ्रान्समधल्या समीक्षकांनी ते नाव दिलं. असो, तिथून लागलेला नाद नोकरी लागल्यावर पोस्टरांवर गेला.

त्या काळचं नेहमीच्या साइजचं खरं अमेरिकन पोस्टर २७ बाय ४१ इंच असतं आणि त्याला घड्या असतात. असतातच. प्रेसमधूनच आठ भागात दुमडून थिएटरला जायचं ते. त्यामुळे या साइजचं १९४७ चं पोस्टर कुणी "एकदम कडक, एक घडी नाही" म्हणून विकत असेल तर मला आधी शंका येते. आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक नंबर असतो, आधी साल, मग तिरकी रेघ, मग पिक्चरचा आकडा. पिक्चर काही वर्षांनी परत रिलीज झाला तर त्या सालाआधी आर लावायचे. म्हणजे हा नंबर पोस्टरचं आधार कार्डच आहे, तो गेला तर फार थोड्या लोकांच्या लेखी फार मोठं काहीतरी जातं, त्या थोड्या लोकांत मी येतो.

आता ज्यांनी आधी वाट लावली त्यांच्याबद्दल. नावं घेत नाही, आपल्याला भांडायचं नाहीये. पहिल्या फ्रेमवाल्याने मला न विचारता घड्यांवर इस्त्री फिरवली आणि वरून मलाच सांगितलं "सर केवढ्या चुण्या होत्या!", शिवाय माउंटवर सरकू नये म्हणून पुढच्या बाजूने सेलोटेप. पुढच्या बाजूने! दुसरा जरा एसीवाला होता, दारावर इंग्रजी पाटी, तो म्हणाला स्कॅन करून नवीन प्रिंट काढून देतो, ओरिजिनलपेक्षा भारी दिसेल. तिसऱ्याने पोस्टर उघडलंसुद्धा नाही. जुना मराठी पिक्चर असता तर समजलो असतो म्हणे. अरे बाबा, तुझ्याकडे कागद दुरुस्त करून मागतोय, माझ्या आवडीवर मत कुठे मागितलं?

मग ऑफिसातल्या एका मित्राच्या वडलांनी, ते भूमी अभिलेखमधून रिटायर झालेत, तुमचं नाव सांगितलं. की गावांचे जुने नकाशे जीर्ण झाले की हे कापडावर चढवून देतात. मी मोबाइलमध्ये अमेरिकेतले फोटो घेऊन आलो होतो, तिकडे याला लिनन बॅकिंग म्हणतात, मोठी फॅन्सी गोष्ट आहे ती. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, "हेच की. मधे पातळ कागद घालतात एवढंच." तो जपानी कागद तेवढा मी मागवला, बाकी सगळं तुमच्याकडचं, मांजरपाट आणि मलमलीतून गाळलेली खळ. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, मी घाबरत घाबरत त्याचं विचारलं तर म्हणालात ते चोपड्यांना, याला नाही. आणि आधी ओला कापूस कडेला लावून रंग सुटतोय का बघितलंत, मग हात लावलात. इस्त्रीवाल्याने एवढं केलं असतं तर!

त्या दिवशी तुम्ही खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून विचारलंत काय लिहिलंय. मी सांगितलं, हे पोस्टर ते थिएटरांना पुरवणाऱ्या कंपनीच्या मालकीचं आहे, तुमच्या थिएटरात हा पिक्चर चालू असेपर्यंतच लावायचं आणि नंतर लगेच परत करायचं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "म्हणजे चोरीचा माल आहे की हा!" काका, गेली कित्येक वर्षं मी हा नाद करतोय, इतकं बरोबर कुणी बोललं नव्हतं. परत न केली म्हणून तर कितीतरी उरली.

पण मला आभार मानायचेत ते कापड चढवल्याचे नाहीत. तुमच्याकडे पोस्टर उघडल्यावर मी शहाणपणा केला. "बघा ना कसं चिकटवलंय" म्हणत कोपऱ्यावरची सेलोटेप नखाने उचलली आणि ओढली. टर्रकन आली, वरचा पापुद्रा घेऊन आली. मला इतकी लाज वाटली की मी ती पट्टी मुठीत चुरगळली आणि तुमच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि काहीतरी दुसरंच बोलायला लागलो. तुम्ही काही बोलला नाहीत. घरी गेल्यावर रात्री मोबाइलमध्ये फोटो झूम केला तेव्हा कळलं काय गेलं ते. ४७ मधला सात गेला होता. चार होता, मग पांढरं भगदाड, मग रेघ. दुसऱ्या दिवशी फोन करायचं धाडस झालं नाही, टोपली तर रोज सकाळी रिकामी होते हे मी स्वतः बघितलेलं.

एकोणीस दिवसांनी न्यायला आलो. तुम्ही पोस्टर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं, पैसे सांगितलेत (ते किती कमी होते यावर आपण भांडलोय, परत नको), चहा पाजलात, पुण्यात असून आग्रहाने पाजलात हे खास नोंदवतो. घरी येऊन उघडलं. आणि कोपऱ्यात सात होता. रंगवलेला नाही, भिंग लावून बघितलं, तोच छापील सात, एका बाजूला केसाएवढी रेघ दिसते तेवढीच. म्हणजे मी गेल्यावर तुम्ही खाली वाकून ती चुरगळलेली पट्टी टोपलीतून काढलीत, उलगडलीत, आणि भाताच्या शितापेक्षा लहान तो पापुद्रा चिकटपणातून सोडवून परत जागेवर बसवलात. कसा सोडवलात मला अजून कळलेलं नाही आणि विचारणारही नाही.

मी लगेच फोन केला, बोलता येईना नीट. तुम्ही म्हणालात, "अहो तुमचंच होतं ते. टाकून कसं द्यायचं?" आणि मागे कुणालातरी गॅस बारीक करायला सांगितलंत.

तुम्हाला मिचम माहीत नाही, नुआर माहीत नाही, त्या कोपऱ्यातल्या आकड्याचा अर्थ तर मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलाही नव्हता. तरी तुम्ही तो उचललात. आणि पोस्टर न्यायला आलो तेव्हा त्याचा उल्लेखही नाही, ना माझ्या आगाऊपणाबद्दल एक शब्द. मी असतो तर निदान एकदा तरी ऐकवलं असतं. किती लोक असे असतील, कुठल्या कुठल्या बोळात, दुसऱ्याची वस्तू आहे एवढ्याच कारणासाठी जपून हाताळणारे, ज्यांच्या दारावर इंग्रजी पाटी नाही. ज्याला आपण साधं सरळ वागणं म्हणतो ते शोधायला मला तीन दुकानं फिरावी लागली.

दिवाळीनंतर येतो. माझ्याकडे एक लॉबी कार्ड आहे, म्हणजे थिएटरच्या लॉबीत लावायचं छोटं पोस्टर, ११ बाय १४ इंचाचं, जाड कागद, एकदम धडधाकट, काहीच करायचं नाहीये त्याला. नुसतं दाखवायला आणतो. चहा या वेळी माझ्याकडून.

तुमचा,
सेलोटेप ओढणारा