प्रिय दिनू, वहिनींचा शेक सुरू होण्याआधी

गंगापूर रोड, नाशिक
रविवार

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

वहिनींच्या जठराच्या ऑपरेशनची जखम भरली आणि आता शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा ठरला, हे कळलं. फोनवर तू म्हणालास, "उलट्या खूप होतात म्हणे, पण सोसायलाच लागतं." तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही, पण तुझं ते वाक्य मनातून जाईना, म्हणून हे पत्र. सोसायलाच लागतं असं नाही, दिनू. आक्काच्या आजारपणात डॉक्टरांकडून आणि सिस्टरांकडून खूप शिकायला मिळालं, त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच: रेडिएशनच्या उलट्या पुष्कळदा आधीच रोखता येतात, फक्त गोळी उलटीच्या आधी पोटात जायला हवी.

त्रास किती होणार, हे शेक कुठे द्यायचा आहे यावर ठरतं. स्तनावर किंवा हातापायावर असेल तर मळमळ क्वचितच होते. आक्काचा ओटीपोटावर होता. त्याने थोडंफार ढवळायचं, पण जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या औषधाची केमो होती, आणि खरे हाल त्या दिवसांचे. वहिनींना पोटाच्या वरच्या भागावर घ्यायचाय. तिथे आधी औषध दिलं नाही तर शंभरातल्या ३० ते ९० जणांना त्रास होतो, असं धरलं जातं. म्हणून "बघू, झालं तर देऊ" हे त्यांच्या बाबतीत मुळीच नको.

आपल्याकडे उलटी झाली की "पित्त झालं असेल" म्हणून पित्ताची गोळी देऊन मोकळे होतात. हे तसलं पित्त नव्हे. किरणांमुळे आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींतून सेरोटोनिन बाहेर पडतं आणि व्हेगस नावाच्या नसेवाटे मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला निरोप जातो. ऑन्डॅनसेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन या गोळ्या तो निरोप वाटेतच अडवतात. तो एकदा पोचला, की गोळी घेऊनही ती उलटून पडायची भीती.

तेव्हा पहिल्याच भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचार: गोळी कोणती, मशीनच्या वेळेआधी किती वेळ घ्यायची आणि संध्याकाळी पुन्हा घ्यायची का. साधारण तासभर आधी सांगतात. नंबर पुढे ढकलला गेला तर काय करायचं, तेही सिस्टरांना विचारून ठेव. सुरुवातीच्या शेकांना कधी कधी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइडही जोडतात. गुण चांगला येतो, पण त्याने साखर चढते आणि वहिनींना डायबेटिस आहे, तेव्हा न विसरता सांग. हृदयाची कुठली गोळी चालू असेल तर तीही दाखव, कारण ऑन्डॅनसेट्रॉनने काहींच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. डोकं दुखणं आणि बद्धकोष्ठ मात्र बरेचदा होतं. तीन दिवस पोट साफ झालं नाही तरी मळमळतंच, आणि मग लोक गोळीलाच दोष देऊन ती बंद करतात. बंद करू नका. डॉक्टरांना सांगितलं की गोळी बदलून देतात किंवा दुसरी जोडतात.

खाण्याचं म्हणशील तर रिकामं पोट वाईट आणि तुडुंब भरलेलं त्याहून वाईट. शेकाच्या आधी थोडंसं कोरडं, हलकं द्यावं. टोस्ट, लाह्या, मऊ भात, जे जाईल ते. वहिनींचं जठर आता लहान झालंय, त्यामुळे दर दोन-अडीच तासांनी चार घास, आणि पाणी जेवणाबरोबर न देता मधल्या वेळात घोट-घोट. घरात फोडणीचा वास तर नकोच. आक्काला लसणाच्या फोडणीने उमासे यायचे, म्हणून स्वयंपाक ती खोलीत झोपलेली असताना उरकायचो आणि ताट निवल्यावर पुढे ठेवायचो. आवडीचा पदार्थ मळमळीच्या दिवसांत मुद्दाम करू नका, पुढे कायमची नावड बसते. आल्याचा तुकडा चघळून बरं वाटत असेल तर जरूर चघळावा, पण त्याच्या भरवशावर गोळी चुकवू नये. कुणी चूर्ण, काढा आणून दिला तर आधी डॉक्टरांना दाखव.

एवढं सगळं लिहितोय ते फक्त आराम पडावा म्हणून नाही. उलट्यांनी माणूस गळतो, वजन उतरतं, आणि मग शेक मध्येच थांबवावा लागतो. असे खाडे पडले की उपचाराचा जोरच कमी होतो. म्हणून वहिनी "ठीक आहे" म्हणाल्या तरी तू स्वतः बघत जा. त्या सांगायच्या नाहीत, मला ठाऊक आहे. दिवसभर पाणीही टिकलं नाही, लघवी कमी झाली, उठताना चक्कर आली, तर दुसऱ्या दिवशीच्या शेकाची वाट न पाहता लगेच फोन करायचा. उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा काळपट रंग दिसला, पोटात जोराची कळ आली, तर थेट दवाखाना गाठायचा, मग रात्र असली तरी.

आता माझं ऐक. कळवणहून वणी-दिंडोरी करत रोज ये-जा करायचं मनातही आणू नकोस. आठवड्याचे पाच दिवस शेक आणि वर एवढा प्रवास, गाडीनेच त्यांना मळमळेल. आमच्याकडची मागची खोली रिकामी आहे, स्वयंपाकघरापासून लांब आहे. सोमवार ते शुक्रवार इथे राहा, शनिवार-रविवार घरी जा. हिचंही हेच म्हणणं आहे. शेक कुठे द्यायचा ते आखायच्या, म्हणजे प्लॅनिंगच्या, स्कॅनची तारीख मिळाली की लगेच कळव, आणि येताना सगळ्या फाइली आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून आण.

तुझा,
मधू