नागीण गेली, दुखणं राहिलं

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आईची चौकशी केलीस तेव्हा "बरी आहे" एवढंच म्हणालो, कारण ती शेजारीच बसली होती. नागिणीच्या खपल्या कधीच पडल्या रे, पण दुखणं हटत नाही. डाव्या बगलेखालून पाठीपर्यंतच्या त्या पट्ट्यावर तिला कपडासुद्धा सोसवत नाही. जुना, धुऊन मऊ झालेला गाऊन घालते आणि त्या बाजूने तो चिमटीत धरून अंगापासून लांब ठेवते. पंख्याचा वारा लागला तरी कळवळते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, जेवणावरची वासना उडालीय, भजनी मंडळही सुटलं.

लहानपणी कांजिण्या आल्या की तो विषाणू शरीरातून जातच नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो. वयामुळे प्रतिकारशक्ती घटली की त्याच नसेवाटे कातडीवर येतो, तीच नागीण; म्हणून पुरळ एकाच बाजूला उठतं. नस दुखावली तर वेदना महिनोन् महिने, कुणाला वर्षानुवर्षं पुरते. आईला नसांच्या वेदनेवरचं प्रीगाबालिन हे औषध चालू आहे, पण त्याने गुंगी येते. तोल जाईल म्हणून बाथरूमपर्यंत कुणीतरी सोबत लागतं.

भेटायला येणारे अजून विचारतात, "तोंड-शेपूट जुळलं नाही ना? गेरू लावला का?" मायेने विचारतात, पण अशा उपायांत मोलाचे दिवस जातात. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो. आणि फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे, नजर जाऊ शकते. आईच्या गोळ्या वेळेत सुरू झाल्या होत्या, तरी ही अवस्था. म्हणून मला आता लस महत्त्वाची वाटते.

शिंग्रिक्स ही लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. चाचण्यांमध्ये सत्तरीपुढच्यांनाही नव्वद टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळालं. पहिले एक-दोन दिवस दंड दुखतो, कणकण येते. किंमत मात्र हजारांत आहे. पेन्शनवर जगणाऱ्याने ती कुठून आणायची? म्हाताऱ्यांना ही लस सरकारने द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

काकांना मधुमेह आहे, म्हणजे धोका आणखी जास्त. या महिन्यात त्यांच्या डॉक्टरांशी बोलच. पैशाची अडचण असेल तर संकोच करू नकोस, पहिला डोस माझ्याकडून. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास