आग कायदा : सूचना रविवारपर्यंत द्या

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006' मध्ये काय बदल हवेत, याचे निवेदन आपली सोसायटी अग्निशमन सेवा संचालनालयाला पाठवणार आहे. आपल्या सूचना रविवारपर्यंत लेखी द्याव्यात.

सध्या आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र (नमुना 'ब') दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. आपला कागद वेळेवर जातो. पंप मात्र गेल्या महिन्यात सुरूच झाला नाही! म्हणून नुसते 'कायदा कडक करा' असे लिहू नका. चाचणी रहिवाशांसमोर, प्रत्यक्ष पाणी सोडून व्हावी, असे काही नेमके सुचवा.

जिन्यातल्या सायकली, कुंड्या आणि चपलांची कपाटे हलवायला नवा कायदा लागत नाही. ती आजच हलवावीत.

– सचिव