जोझु, उवाते की कामिते?

निशि-कासाई, तोक्यो
१२ ऑक्टोबर

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझा वैताग वाचून हसू आलं. क्लासात कांजीचे, म्हणजे चीनमधून आलेल्या जपानी चित्राक्षरांचे, ओन्योमी (चिनीवरून आलेले उच्चार) आणि कुन्योमी (अस्सल जपानी उच्चार) घोकून घेतायत म्हणे! माझं ऐक, ते तक्ते गुंडाळून ठेव आणि सरळ शब्द पाठ कर.

एकाच अक्षराच्या इतक्या उच्चारांचा हा घोळ का झाला सांगतो. जपान्यांकडे भाषा होती, लिपी नव्हती. ती चीनमधून आली, पण एका खेपेत नाही. आधी बौद्ध ग्रंथांबरोबर एक उच्चार आला, मग चीनच्या तांग घराण्याच्या राजधानीतला दुसरा, पुढे झेन भिक्षू आणि व्यापाऱ्यांबरोबर तिसरा. आधीचा कुणी टाकलाच नाही. 'जाणे'चं अक्षर ग्योरेत्सुत (रांग) 'ग्यो', गिन्कोत (बँक) 'को' आणि आन्दोनमध्ये (कागदी दिवा) 'आन'. वर अस्सल जपानी 'इकु' आहेच. समज, आपण पाण्याचं एकच चिन्ह काढलं. एकटं असलं की 'पाणी' वाचायचं, 'वाहतूक'ला चिकटलं की 'जल'. त्यांचं मिझु आणि सुइ अगदी तसंच.

सगळ्यात द्वाड अक्षर जगण्या-जन्मण्याचं. सेन्सेईत (शिक्षक) सेइ, तान्जोबीत (वाढदिवस) जो, शिबाफुत (हिरवळ) चक्क फु! आणि इझाकायात (जपानी बार) त्याच अक्षराचं नुसतं 'नामा' म्हटलंस की समोर ड्राफ्ट बिअर. नामा-तामागो म्हणजे कच्चं अंडं, नामा-होसो म्हणजे थेट प्रक्षेपण.

'वर' आणि 'हात' ही दोन अक्षरं शेजारी आली की वाचायचं जोझु, म्हणजे तरबेज. आपण दोन वाक्यं बोललो की इथले लोक लगेच हेच म्हणतात. फार मनावर घ्यायचं नाही. सुमोत तीच जोडी उवाते होते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाताबाहेरून धरलेली कमरपट्ट्याची पकड. नाटकात कामिते, म्हणजे प्रेक्षकांच्या उजवीकडचा रंगमंच. संदर्भ कळला तरच वाचता येतं.

गावांचं तर विचारू नकोस. तेच लिहिलेलं तोक्योत निहोन्बाशी, ओसाकात निप्पोन्बाशी. कोबे शहराची दोन अक्षरं गिफु प्रांतातल्या एका गावात गोदो होतात.

माणसांच्या नावांपुढे तर जपानीही हात टेकतात. 'नाव कसं वाचायचं?' हे विचारणं इथे मुळीच उद्धट नाही. अर्जावर उच्चारासाठी वेगळा रकानाच असतो. गंमत म्हणजे सरकारी कुटुंबनोंदणीत हा उच्चार लिहायला सुरुवात झाली ती थेट मे २०२५ मध्ये. माझं लाडकं आडनाव ताकानाशी: लिहायचं 'लहान पाखरं खेळतात', वाचायचं 'ससाणा नाही'. ससाणा नाही म्हणून तर पाखरं खेळतात! हे ज्याला सुचलं त्याला दंडवत.

आणि घाबरू नकोस. २०१०च्या सरकारी यादीत २,१३६ अक्षरं आणि ४,३८८ वाचनं आहेत, म्हणजे सरासरी दोनच. बरीच अक्षरं गरीब आहेत, छळतात ती मोजकी.

डिसेंबरच्या परीक्षेआधी अडलेले शब्द लिहून पाठव, पण आख्ख्या वाक्यासकट. सुटं अक्षर पाठवलंस तर उत्तर देणार नाही. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
निखिल