मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आणि थँक्सगिव्हिंग

मॅसॅच्युसेट्स
शनिवार, 29 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा, 27 तारखेला, येथे थँक्सगिव्हिंग हा आभार मानण्याचा सण झाला आणि योगायोगाने मार्गशीर्षातला पहिला गुरुवारही त्याच दिवशी आला. आपले फोनवर बोलणे झाले खरे, पण घरात पाहुण्यांची वर्दळ असल्यामुळे बाबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला नीट देता आले नाही. "हे लोक नेमके कोणाचे आभार मानतात, आणि कशाबद्दल?" असे तुम्ही विचारलेत. ज्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला त्यांना या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देऊन मोकळे होणे मला पटले नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. आणि आई, तुला आधी पूजेचे ऐकायचे असणार, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

या राज्यात थँक्सगिव्हिंगच्या दिवशी बहुतेक मोठी दुकाने कायद्यानेच बंद असतात, त्यामुळे सगळे सामान बुधवारीच आणून ठेवले होते. आंब्याचे डहाळे मिळाले नाहीत. भारतीय दुकानातून विड्याची पाने आणून ती कलशात लावली आणि वर नारळ ठेवला. रांगोळी मुलीने काढली. लक्ष्मीची पावले तिची तिनेच काढली, आणि ती बाहेरून घरात येणारी असावीत हे तिच्या बरोबर लक्षात होते, कारण मागच्या वेळी तूच तिला ते समजावले होतेस. न्यू जर्सीहून दीर, जाऊबाई आणि त्यांची मुले आदल्या रात्रीच आली होती. या दिवसांत येथे सवा चारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे कहाणी वाचून, आरती करून आणि नैवेद्य दाखवून आम्ही लवकरच उपवास सोडायला बसलो. शेजारच्या आजीही आल्या होत्या. आम्ही या गावात नवे असताना, कोणाचीही ओळख नसताना, ज्यांनी आम्हाला थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आपल्या घरी बोलावले होते, त्याच या आजी. यंदा गुरुवारचे व्रत असल्यामुळे टर्की पक्ष्याचे मांसाहारी जेवण होणार नाही, हे त्यांना आधीच सांगितले होते. त्यांनी पम्पकिन पाय आणली, रताळ्याचा एक गोड पदार्थ आणला, आणि पूजेपुढे हात जोडून आमच्याबरोबर आरतीला उभ्या राहिल्या.

मी तुझ्या पद्धतीने लाल भोपळ्याचे घारगे केले होते. बटाट्याची भाजी, मक्याच्या दाण्यांची उसळ, वरण-भात आणि क्रॅनबेरीचा मेथांबा असा बेत होता. क्रॅनबेरी हे येथले आंबट, लाल फळ आहे. याच राज्यातल्या प्लिमथ गावाच्या आसपास दलदलीच्या जमिनीत त्याची शेते असतात आणि फळ तयार झाले की शेतात पाणी सोडून, वर तरंगणारी फळे गोळा करतात. चव पुष्कळशी आपल्या करवंदासारखी, त्यामुळे गूळ आणि मेथीबरोबर ते छान जमते. ताटाकडे पाहून मी मुलांना सांगितले की यातला भोपळा, बटाटा, मका, रताळे आणि फोडणीतली मिरची ही सगळी अमेरिका खंडांतली पिके आहेत. तेथल्या मूळ रहिवाशांनी ती हजारो वर्षे जोपासली, आणि पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आल्यानंतर ती आपल्याकडे पोहोचली. आई, आपल्या एकादशीच्या फराळातला बटाटा, रताळे, शेंगदाणे आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सारे त्यांचेच देणे आहे. आपण इतक्या श्रद्धेने ज्यावर उपवास करतो ते अन्न कोणी घडवले, हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते, आणि ते कळल्यापासून या सणाकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागले आहे.

आता बाबा, तुमचा प्रश्न. 1620 मध्ये इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून 102 प्रवासी येथे वसाहत करायला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. ते जेथे उतरले त्या प्लिमथच्या जागी पूर्वी पटक्सेट नावाचे, वाम्पानोग या मूळ रहिवासी लोकांचे गाव होते. परंतु युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने 1616 ते 1619 या काळात ते ओस पडले होते. त्या गावचा टिस्क्वांटम हा तेवढा वाचला, आणि तोही अशासाठी की 1614 मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकले होते. तेथून सुटून, इंग्लंडमार्गे तो परतला तेव्हा गावात कोणीही उरले नव्हते. ज्यांच्यामुळे आपले सर्वस्व गेले त्यांच्याच देशबांधवांना त्याने मासळीचे खत घालून मका कसा लावायचा हे शिकवले. 1621 च्या शरद ऋतूत पीक हाती आल्यावर मेजवानी झाली. तिचे वर्णन एका पत्रातच आहे. एडवर्ड विन्स्लो यांनी त्याच वर्षी 11 डिसेंबरला इंग्लंडमधील मित्राला ते लिहिले. वाम्पानोगांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसांसह आला, तीन दिवस राहिला, आणि त्याच्या लोकांनी पाच हरणे मारून आणली, असे त्यात म्हटले आहे. पाहुणे आणि यजमान यांच्या संख्येकडे पाहिले तर यजमान कोण होते, असा प्रश्न पडतो.

शाळेतल्या मुलांना पुष्कळदा येथपर्यंतच सांगितले जाते. मला मात्र पुढची पिढी महत्त्वाची वाटते. 1675 मध्ये वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यात भीषण युद्ध पेटले, तेव्हा एका बाजूचे नेतृत्व मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम करीत होता आणि प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर होता जोसाया विन्स्लो, म्हणजे ते पत्र लिहिणाऱ्या एडवर्ड यांचाच मुलगा. ज्यांच्या वडिलांनी एकत्र जेवण केले त्या दोघांनी एकमेकांविरुद्ध शस्त्र उचलले. मेटाकॉम 1676 मध्ये मारला गेला आणि त्याचे शिर प्लिमथमध्ये खांबावर लावून ठेवले गेले. खाऊ घालणाऱ्याचा विसर इतक्या थोड्या काळात पडू शकतो, हे वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

आज जो राष्ट्रीय सण आहे तो बराच नंतरचा. सारा हेल या मासिकाच्या संपादिकेने त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि यादवी युद्ध चालू असताना 1863 मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ईश्वराचे आभार मानण्यासाठी जाहीर केला. चौथ्या गुरुवारचा कायदा 1941 मध्ये झाला. आणि 1970 पासून याच दिवशी प्लिमथच्या कोल्स हिलवर, मॅसासॉइटच्या पुतळ्याजवळ, मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. त्या वर्षी वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोग गृहस्थांना एका समारंभात भाषणासाठी बोलावले होते, पण त्यांनी लिहिलेले सत्य आयोजकांना रुचले नाही. ते भाषण तेथे झाले नाही आणि शोकदिनाची प्रथा सुरू झाली. गेल्या महिन्यात आम्ही मुलांना घेऊन त्या टेकडीवर गेलो होतो. त्यांना हा सण साजरा करू द्यायचा तर ही बाजूही दाखवणे माझे कर्तव्य आहे, असे मला वाटले.

तेव्हा बाबा, माझ्यापुरते उत्तर असे आहे की ज्याने दिले त्याचे नाव घ्यावे आणि देताना त्याला काय सोसावे लागले तेही सांगावे. त्यावाचून मानलेले आभार अर्धेच राहतात. आपली मार्गशीर्षाची कहाणी तरी दुसरे काय सांगते? आपल्याला हे वैभव कशामुळे लाभले याची आठवण द्यायला जी म्हातारी दारात आली, तिलाच सुरतचंद्रिका राणीने हाकलून दिले. आणि राणीची लेक श्यामबाला त्या म्हातारीच्या मागे गेली. लहानपणी ही कहाणी तुझ्या तोंडून ऐकताना मला राणीला झालेल्या शिक्षेची तेवढी भीती वाटायची. या वेळी मोठ्याने वाचताना माझे सगळे लक्ष त्या लेकीकडे होते.

येथे जेवणाच्या वेळी प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगण्याची प्रथा आहे. आम्ही यंदा ठरवले की वस्तूचे नाव घ्यायचे नाही, माणसाचे घ्यायचे, आणि त्याने काय सोसले ते सांगायचे. शेजारच्या आजींनी आपल्या पतीच्या अखेरच्या आजारपणात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेबद्दल सांगितले. तुमच्या जावयांनी त्यांच्या मोठ्या भावाबद्दल सांगितले, आणि तो भाऊ समोरच बसलेला असल्यामुळे थोडा वेळ कोणालाच काही बोलता आले नाही. माझी पाळी आली तेव्हा मी आपल्या चिपळूणच्या घराच्या माडीबद्दल सांगितले.

आपल्या गच्चीवर खांबांच्या सळया उघड्या सोडलेल्या आहेत. स्लॅब टाकला तेव्हा वर दोन खोल्या काढायच्याच, असे ठरलेले होते आणि त्यासाठी पैसेही बाजूला ठेवलेले होते. त्याच सुमारास मला कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि ते पैसे माझी फी, वसतिगृह आणि पुस्तके यांत गेले. तुम्ही दोघांनी याबद्दल कधी शब्दही काढला नाहीत. कोणी विचारले तर "वरच्या खोल्यांत राहणार कोण?" असे आई सांगायची. घरे कशी उभी राहतात आणि पाण्यात का खचतात हे मी शिकले, ते त्या न झालेल्या माडीच्या जोरावर.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा घरे एवढी बुडाली की लोक वरच्या मजल्यांवर आणि छपरांवर जाऊन बसले. मी येथे रात्रभर फोन लावत होते. वीज नव्हती, फोनची सेवा बंद होती, आणि करोनामुळे प्रवासही अशक्य होता. पहाटे पाणी अंगणात आले तेव्हाच शेजारच्या काका-काकूंनी तुम्हाला हात धरून आपल्या माडीवर नेले, कोरडे कपडे दिले, आणि त्यांच्या घरात होते तेवढे तांदूळ सगळ्यांत वाटून शिजवले, हे मला नंतर कळले. फोन लागल्यावर आई, तू पहिले वाक्य बोललीस ते असे: "आपली माडी बांधायची राहिली ना, म्हणून यांच्याकडे आलो." तू ते सहज म्हणालीस. माझ्या मनातून मात्र ते त्या दिवसापासून गेलेले नाही. मला उभे करण्यासाठी तुम्ही डोक्यावरचा जो आसरा सोडलात, त्याची गरज तुम्हालाच उतारवयात पडली, आणि तो दुसऱ्यांनी पुरवला. बाबांची जमाखर्चाची वही, शाळेतले फोटो, आजीची पेटी, सारे चिखलात गेले. चिखल उपसायला अनोळखी मुले आली, घाटावरून पाण्याच्या बाटल्या आणि शिधा घेऊन गाड्या आल्या. त्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण काका-काकूंचे नाव ठाऊक आहे, आणि परवा येथे, इतक्या दूर, ते आदराने घेतले गेले.

हे सांगून झाल्यावर मुलाने विचारले, "मग ती माडी आता बांधता येणार नाही का?" त्याच्या प्रश्नाला मी तेथेच उत्तर दिले की येईल. म्हणून या पत्राचा खरा हेतू लिहिते. गच्चीवर दोन खोल्या, एक न्हाणीघर आणि बाबांच्या गुडघ्यांना झेपतील अशा कमी उंचीच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठड्यासह, असा आराखडा मी काढला आहे. सळया इतकी वर्षे पावसात गंजल्या असल्यामुळे त्यांवर सरळ बांधकाम चढवता येणार नाही. आधी खांबांची आणि पायाची तपासणी करून घ्यावी लागेल. घर पूररेषेच्या संदर्भात नेमके कोठे येते आणि परवानगी कशी मिळते, हेही नगर परिषदेत जाऊन पाहावे लागेल. ते काम दादाने करावे, असे मी त्याला कळवले आहे. मी मे महिन्यात मुलांसह येत आहे, तेव्हा मोजमाप स्वतः घेईन. खर्चाचा विषय कृपया काढू नका. "आता आमचे किती दिवस राहिले" हे वाक्य तर मुळीच नको. पावसाळा दरवर्षी येतो आणि तुम्ही दोघांनी तो निर्धास्तपणे काढावा, एवढीच माझी इच्छा आहे.

बाबा, जिन्यासाठी मागच्या अंगणातली जागा बरी की पुढची, हे तुम्ही कळवा. मागे घेतला तर आईचा जास्वंद काढावा लागेल, म्हणून तिला विचारल्याशिवाय ठरवू नका. काका-काकूंना माझा नमस्कार सांगा. आईने गुडघ्याचे औषध मध्येच बंद करू नये. मुलांचा आणि यांचा तुम्हा दोघांना साष्टांग नमस्कार.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमची लेक