गच्चीवरची केबल कोणी कापली? मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

किनारपट्टीवरच्या एका सरकारी कार्यालयाच्या गच्चीवर आम्ही परवानाधारक हॅम मंडळींनी, म्हणजे हौशी रेडिओ चालकांनी, स्वखर्चाने अँटेना बसवला होता. मार्चमधल्या आपत्तीच्या रंगीत तालमीनंतर भर बैठकीत शब्द मिळाला, ‘पावसाळाभर राहू द्या, खाली नियंत्रण कक्षात टेबलही देतो.’ मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं. ठेकेदाराच्या माणसांनी अँटेना उतरवून कोपऱ्यात टाकला आणि अँटेनापासून रेडिओ सेटपर्यंत येणारी कोअॅक्स केबल भिंतीपासून वीतभर अंतरावर छाटली. आम्हाला साधा फोनसुद्धा आला नाही. उघड्या तोंडाची केबल वळवाच्या दोन पावसांत भिजली. आतल्या तांब्याच्या जाळीत पाणी शिरलं की ते पुढे पुढे ओढलं जातं, जाळी हिरवी पडते आणि सेटची बरीच शक्ती केबलमध्येच उष्णता होऊन संपते. अशी केबल जोडून चालत नाही, फेकावीच लागते. आणि टेबल दुसऱ्या कामाला गेलं.

केबलचे पैसे मागायला हे पत्र नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं तेव्हा इशारे वेळेत आले होते, ते आम्ही नाकारत नाही. पण खांब आडवे झाले, टॉवर बंद पडले आणि गावांची खबर वर जाणं थांबलं. आपली सगळी यंत्रणा वरून खाली बोलते. खालून वर बोलायची सोय तिने केलेलीच नाही.

वादळात ही सोय का लागते? रडारची किरणशलाका अर्धा अंश वर कललेली धरा. पृथ्वीच्या गोलाईमुळे शंभर किलोमीटरवर ती जमिनीपासून जवळजवळ दीड किलोमीटर उंच असते, दीडशेवर अडीच किलोमीटरच्याही वर. मुंबईतल्या कुलाब्याच्या रडारपासून श्रीवर्धन सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, हर्णै सव्वाशेच्या आसपास. म्हणजे गावातल्या कौलांवर वारा काय करतोय ते रडारला थेट दिसत नाही. ते तिथला माणूसच सांगू शकतो, आणि तोही शिकलेला असेल तरच. ‘भयंकर वारा आहे’ हा निरोप कुचकामी. डहाळ्या तुटायला लागल्या तर वेग ताशी ६२ ते ७४ किलोमीटर, झाडं मुळासकट उन्मळू लागली तर ९० च्या पुढे. वाऱ्याची दिशा कोणती, ती कितीला पालटली, दर तासाचा वायुदाब किती. अचानक सगळं शांत झालं तर ते लगेच कळवायचं, कारण वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावर असतो, लोक पत्रे गोळा करायला बाहेर पडतात आणि थोड्या वेळात उलट दिशेचा वारा त्यांना गाठतो. चुका होतात त्या वेळेच्या. अर्ध्या तासापूर्वीचं आत्ताचं म्हणून सांगितलं जातं, किंवा एकाने भारतीय वेळ लिहिली आणि दुसऱ्याने जागतिक, की साडेपाच तासांचा घोळ.

आता यंत्राचं. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवरची पाच वॅटची वॉकीटॉकी मधे डोंगर आला की मुकी होते, आणि कोकणात मधे डोंगर येतोच. त्यावर उपाय सात मेगाहर्ट्झचा डायपोल. दहा-दहा मीटरच्या दोन तारा, उंची फक्त तीन-चार मीटर. इतका खाली बांधला की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आकाशातून परतून तीनशे-चारशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. सह्याद्री आडवा येत नाही, आणि उंच खांब नसल्याने वाऱ्यात पडायलाही फारसं काही उरत नाही. रात्री हा पट्टा जवळच्यांना सोडून लांब उडी मारतो, म्हणून ३.६ मेगाहर्ट्झची दुपटीने लांब तार वेगळी ठेवायची.

बॅटरीचा हिशेब बैठकीत कोणी विचारत नाही, म्हणून इथे मांडतो. शंभर अँपिअर-तासांच्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्मेच वापरावेत. ऐकताना सेट एक अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला २४. एकूण वेळाचा दहावा हिस्सा बोललो आणि पूर्ण शंभर वॅट लावले, तर वीस अँपिअरने आणखी ४८. बॅटरी दिवसभरही पुरत नाही. तीस वॅटवर उतरलो की नऊ अँपिअरने जेमतेम २२ लागतात आणि चोवीस तास निघतात. म्हणून शक्ती कमी ठेवायची आणि निरोप लिहूनच वाचायचा.

अमेरिकेत मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्रात १९८० पासून हॅम केंद्र आहे. १४.३२५ मेगाहर्ट्झवरचं त्यांचं हरिकेन नेट, म्हणजे वादळात एकाच लहरीवर जमणाऱ्या हॅम मंडळींचं जाळं, १९६५ पासूनचं. तिथले अंदाजकर्ते जमिनीवरून आलेली नोंद कामाची मानतात. आणि इथे? ॲप काढा, संदेश पाठवा, तेही बंद पडलेल्या मोबाइलवर! महागडी यंत्रं निविदेने येतात, कपाटात राहतात, आणि ऐन वेळी त्यांची बॅटरी मेलेली निघते, कारण दर महिन्याला चार्ज करायचं काम कोणाच्याच नावावर नसतं. स्वयंसेवकांना जॅकेट घालून फोटोला उभं करायचं आणि जूनमध्ये ओळख विसरायची, हा आमचा अपमान आहेच, पण त्याची किंमत वाडीवस्तीवरचा माणूस मोजतो.

परवान्याच्या नियमांनी आम्हाला दुसऱ्याचे निरोप आपत्तीत पोचवता येतात, पण त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांसारख्या नियुक्त अधिकाऱ्याची मागणी लागते. वादळात फोन बंद असताना ती मागणी आम्ही कुठून आणायची? ते पत्र किनाऱ्यावरच्या प्रत्येक जिल्ह्यात पावसाळ्याआधी सहीनिशी तयार ठेवा. किनाऱ्यावरच्या नोंदी हवामान खात्याच्या मुंबई कार्यालयात कोणी घ्यायच्या, ते ठरवून आम्हाला लेखी कळवा. आणि त्या गच्चीवर जायची परवानगी याच आठवड्यात द्या. तीस मीटर नवी केबल आम्ही आणतो. कनेक्टरवर रबराची चिकटपट्टी लावून, खाली पाणी गळायला वळसा देऊन एका दुपारीत काम होतं. गच्चीची चावी मात्र नियंत्रण कक्षात, रात्रीही हाती लागेल अशी ठेवायला सांगा.

आपले,
किनारपट्टीवरील परवानाधारक हॅम रेडिओ चालक